चालत्या मोटरची पूजा

त्रिवेणीशी माझी ओळख भांडणातून झाली. त्यात नवल काही नाही, आमच्या इलेक्ट्रिकल विभागात बहुतेकांची तिच्याशी ओळख तशीच झालेली आहे. मी पुण्याहून हैदराबादला पीएचडी करायला आले आणि मशीन लॅबमधल्या रिकाम्या टेबलावर बॅग ठेवली. मागून आवाज आला, "नक्को! तिथं माझी मोटर येणार हाय." मराठी ऐकून मला इतका आनंद झाला, की टेबल गेल्याचं वाईटसुद्धा वाटलं नाही.

तिचं घराणं उदगीरकडचं, दोन पिढ्यांपूर्वी शेती सोडून हैदराबादला आलेलं. तिची शाळा जामबागेतली, मराठी माध्यमाची. बोलण्यात मात्र दख्खनी आणि तेलुगू मनसोक्त मिसळलेली. मी एकदा हसले, तर म्हणाली, "तुमी पुण्यात भाषा जपून ठेवता. आमी वापरतो." त्यानंतर मी कानाला खडा लावला.

वडील ती लहान असतानाच गेले. आई, जयवंताबाई, विद्यानगरात पिठाची गिरणी चालवते. गिरणीची मोटर दोनदा जळाली आणि दोन्ही वेळा त्यांनी ती भरून घेतली, म्हणजे आतली जळकी तार काढून नवी गुंडाळून घेतली. दुकानदार दरवेळी सांगायचा, भरलेली मोटर टिकत नाही, नवी घ्या. जयवंताबाईंनी त्याला भीक घातली नाही. लेकीनं तोच प्रश्न संशोधनाला घेतला: नीट भरलेली मोटर नव्या मोटरइतकी टिकते की नाही?

विभागात तिचं हसू झालं. हे मिस्त्रीचं काम, याला का कोणी डॉक्टरेट देतं? जाळून बघायला विभागाची मोटर मिळणार नाही, असंही सांगण्यात आलं. त्रिवेणीनं सरळ आईच्या गिरणीतली मोटर रिक्षात घालून आणली. जयवंताबाईंनी भाड्याच्या लहान मोटरवर भागवलं आणि गिऱ्हाइकांची बोलणी खाल्ली.

चाचणी सोपी, पण हट्टी होती. मोटर गरम पेटीत ठेवायची आणि पूर्ण भार देऊन महिनोन्‌महिने सलग चालवायची. वीज गेली तर जनरेटर होता. पण एकदा का मोटर थांबून थंड झाली, की ती चाचणी बाद आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

आमच्या विभागात दसऱ्याच्या सुट्ट्या लागण्याआधी आयुधपूजा असते. आपली खंडेनवमीच. लॅबमधली सगळी यंत्रं बंद करून पुसायची, कुंकू लावायचं, झेंडू वाहायचा. एका वर्षी त्या दिवशी त्रिवेणी बेगम बाजारात आईसोबत गव्हाची पोती बघत होती. ती परतली तेव्हा मोटर गार पडली होती आणि तिच्यावर हार होता. कोणी बंद केली? सगळ्यांनी मिळून, भक्तिभावानं. मला अजूनही त्या हाराचा राग येतो.

तिनं रडारड केली नाही. हार काढला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. आता तिची फेलोशिप पुढच्या वर्षीच्या डिसेंबरात संपणार होती. चाचणी पुन्हा मोडली, तर पदवी गेलीच.

पुढच्या वर्षी पूजेच्या सकाळी ती मोटरच्या मेन स्विचसमोर स्टूल टाकून बसली. विभागप्रमुख नरसिंहाचारी सर, जे तिचे गाइडही होते, सोवळं नेसून आले. माणूस वाईट नाही. फक्त 'नाही' हा शब्द त्यांनी स्वतःच्या विभागात फारसा ऐकलेला नव्हता.

"बंद करो."

"नै होती, सर."

"एक घंटे को क्या होता? तुम्हारे थीसिस पर सही मेरी लगती, मालूम ना?"

"मालूम है, सर. फिर भी नै होती."

भटजी घड्याळ बघू लागले. पोरांनी मोबाइल काढले. मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. दुसरं काय करणार? घाबरले होते ती मी. ती मजेत होती.

पण सरांनी वेगळाच डाव टाकला होता. त्यांनी आदल्या दिवशीच जयवंताबाईंना फोन करून बोलावलं होतं. एकोणतीस वर्षांच्या बाईची तक्रार तिच्या आईकडे! जयवंताबाई दारात दिसल्या आणि त्रिवेणीचा चेहरा पहिल्यांदाच उतरला. जगात ती भिते फक्त आईला.

"अम्मा, बेटी को समझाओ," सर म्हणाले. "चलती मशीन की पूजा कहीं होती क्या?"

जयवंताबाईंनी चप्पल बाहेर काढली आणि आवाज करणाऱ्या पेटीकडे नीट बघितलं. "मेरे घर में होती, सर. दसरे को मोहल्ले की पुरणपोळी होनी, तो नवरात्र में गिरनी बंद कैसे रखना? मैं तो हर साल चलती मोटर को पूजती."

"यहाँ का रिवाज अलग है, अम्मा."

"यहाँ की मोटर का अलग रहेगा. ये मोटर मेरी है." आणि लेकीकडे वळून मराठीत, "ऊठ गं. पेटी उघड."

त्रिवेणी उठली. जयवंताबाईंनी ताटातलं कुंकू बोटावर घेतलं आणि धडधडत्या, तापलेल्या मोटरच्या अंगावर दाबून टेकवलं. चटका बसला असणार, पण बोट त्यांनी घाईनं काढलं नाही. मग ताट सरांपुढे धरलं. सरांनी एकदा पोरांकडे, एकदा भटजींकडे पाहिलं आणि गुपचूप दोन फुलं पेटीवर ठेवली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते धुपामुळे नव्हतं.

मोटर डिसेंबरपर्यंत थांबली नाही. नव्या मोटरच्या तोडीस तोड टिकली. त्रिवेणी डॉक्टर झाली आणि प्रबंधावर सही नरसिंहाचारी सरांचीच आहे.

या वर्षी विभागाच्या तपासणीला समिती येणार होती. सरांनी त्रिवेणीला फोन केला. दर्शनी भागात काचेचं कपाट केलंय, त्यात ती मोटर ठेवायची, खाली त्रिवेणीचं नाव. मी शेजारीच बसले होते. मला वाटलं, एवढा मान मिळतोय तर ही पाघळणार.

"नै होता, सर," ती म्हणाली. "मोटर गिरनी पे लग गई. दसरा नजदीक है."