मंगळवारी रंगवलेले टॉवेल

सिद्धेश्वरी हत्तुरे चिंचोळी एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात तपासणीला होती. माहेर अक्कलकोटकडचं, घरात कन्नड, शाळा मराठी. कापडावरून नुसता हात फिरवला तरी उसवलेला धागा तिला कळायचा. पण दोन महिन्यांपूर्वी परदेशातल्या गिऱ्हाइकाला रोजचा अहवाल इंग्रजीतून मेल करायचं काम तिच्या गळ्यात पडलं.

एका गुरुवारी तिनं लाल टॉवेलांवर ओलं पांढरं फडकं घासलं तर फडकं गुलाबी झालं. माल मंगळवारी रंगवलेला होता. अशी चाळीस खोकी निघाली. ती बाजूला ठेवून तिनं लिहिलं : ‘द टॉवेल्स, व्हिच वेअर डाइड ऑन ट्यूजडे, शुड नॉट बी सोल्ड.’ जे टॉवेल मंगळवारी रंगवले, ते विकू नयेत. तीनदा वाचलं आणि पाठवलं.

शुक्रवारी सकाळी उत्तर आलं : सगळा माल थांबवा. सगळा म्हणजे चारशे खोकी. कंटेनर दारात उभा होता.

मॅनेजर उदयसिंह छापील मेल घेऊनच तपासणीच्या टेबलाशी आले. “बाई, तुमी काय लिहिलंय हे? सगळेच टॉवेल खराब म्हणत्यात ते!”

“मी मंगळवारचे म्हणाले, साहेब. हितं लिहिलंय की.”

साहेबांनी वाचलं. त्यांनाही चूक सापडेना. सिद्धेश्वरीनं एकेक शब्द मोबाइलमधल्या शब्दकोशात बघून घेतला होता. शब्द बरोबर होते, मग चुकलं कुठं? शेवटी तिनं शाळेत इंग्रजी शिकवलेल्या संगप्पा सरांना फोन लावला आणि वाक्य वाचून दाखवलं.

“स्वल्पविराम घातलायस का?” सरांनी विचारलं.

“व्हय, दोन. ‘जे रंगवले’ म्हटल्यावर मराठीत देतो की आपण.”

“तितंच घोटाळा झाला बघ. इंग्रजीत तो तुकडा स्वल्पविरामांत कोंडलास की ती नुसती जादा माहिती होते. सगळेच टॉवेल खराब, आणि ते मंगळवारी रंगवले, असा अर्थ निघतो. कोणते टॉवेल, हे सांगायचं असेल तर दोन्ही काढून टाक.”

तिनं फोन ठेवला. दोन टिकल्यांएवढ्या खुणा, आणि त्यांच्यापायी कंटेनर अडला होता.

तिनं सगळं सांगितल्यावर उदयसिंह म्हणाले, “कॉम्प्युटरनं घोळ केला म्हणून कळवू.”

“नको साहेब. चूक माजी हाय, तसंच लिहिते.”

तिनं लिहिलं. तासाभरानं उत्तर आलं : उरलेला माल चांगला आहे, हे दाखवा. मग सिद्धेश्वरी आणि दोघी बाया फडकी भिजवून बसल्या. एकेक खोकं उघडायचं, घासायचं, फोटो काढायचा. संध्याकाळी एक फडकं पुन्हा गुलाबी आलं. बुधवारी सकाळी रंगवलेला माल, सहा खोकी. सकाळी तिनंच लिहून दिलं होतं, खराब ते फक्त मंगळवारचे.

उदयसिंहांनी आवाज खाली केला. “सहाच तर हायत. कोण बघतंय?”

“मी बघितलं की, साहेब.”

तिनं दुसरी मेल लिहायला घेतली. ‘जे टॉवेल मंगळवारी आणि बुधवारी सकाळी रंगवले’ एवढा तुकडा इंग्रजीत बसवायला तिला अर्धा तास लागला. एक स्वल्पविराम सवयीनं पडला, तो तिनं खोडला. पुन्हा वाचताना वाटलं, तो हवा होता की काय? सरांना परत फोन करायला लाज वाटली. तरी केला. “बरोबर हाय, पाठव,” सर म्हणाले.

शनिवारी दुपारपर्यंत उत्तर नव्हतं. तिला डबा गेला नाही. नोकरी गेली तर घरी नवऱ्याला, शिवपुत्रला, काय सांगायचं, हेच ती घोळवत होती. तीन वाजता उदयसिंहांनी हाक मारली. त्यांच्या पडद्यावर एकच ओळ होती : शेहेचाळीस खोकी वगळून माल पाठवा.

“आणि माज्याबद्दल काय?” तिनं विचारलं.

“काईच न्हाय.”

“म्हंजे चांगलं का वाईट, साहेब?”

“चांगलंच म्हणायचं,” ते म्हणाले, पण त्यांनाही खात्री नसावी. रविवारी सकाळी कंटेनर गेला. सोमवारचा अहवाल लिहायला मात्र त्यांनी तिलाच बसवलं.