लेडीज टॉयलेटचं कुलूप

बोईसरच्या कापडाच्या कारखान्यात दहा वर्षं फोल्डिंगला होते. जुन्या मैत्रिणी हळदीकुंकवाला भेटल्या की कापडाचं कोणी बोलत नाही, एका संडासाचंच बोलतात. त्याने किस्सेच एवढे दिलेत!

नव्वदनंतर पाळीचे पॅड सगळीकडे मिळायला लागले. आम्ही चाळीसजणी, संडास एक, आत कचऱ्याचा डबा नाही. तुंबायचाच! मॅनेजरसाहेबांनी दम भरला, पुन्हा तुंबला तर कायमचं कुलूप. म्हणजे आम्ही कंपाउंडमागच्या झुडपात जायचं.

आधी नोटीस लागली. साहेबांना तो शब्द लिहवेना, म्हणून लिहिलं, ‘टॉयलेटमध्ये ती वस्तू टाकू नये.’ लूमवरचे पुरुष एकेक करून केबिनमध्ये विचारायला गेले, कुठली वस्तू? साहेब दोन दिवस रजेवर!

मग हुकूम सुटला, बॉयलरमध्ये जाळा. बॉयलरवाले पंडितजी दसऱ्याला बॉयलरला हार घालणारे. दारात आडवे झाले. म्हणाले, “ये हमारा भगवान है.” त्याच भगवानाच्या पाइपवर ते रोज स्वतःची चड्डी वाळवायचे, ते मात्र चालायचं.

शेवटी मार्ग काढला हिराबाईने. नवापूरची कोळीण, आमच्यात थोरली. कटिंगच्या सुती चिंध्या घेऊन तिने जाड घड्या शिवल्या. धुवायच्या, उन्हात वाळवायच्या, पुन्हा वापरायच्या. पोरी त्या कोपऱ्यात लपवून वाळवायला लागल्या, तशी भडकली.

“बोंबील उन्हात घालताना लाज नाय वाटत, मंग फडक्याला कसली? सावलीत दोनी कुजतात.”

शेडमागे दोरी बांधली. मुंबईहून आलेल्या मोठ्या साहेबांनी एक घडी चिमटीत धरून पाहिली, शिलाई छान आहे म्हणाले. आमचे साहेब घाम पुसत म्हणाले, “सॅम्पल आहे, सर.”

तीन महिने सुखाचे गेले आणि संडास पुन्हा तुंबला. साहेब कुलूप हातात घेऊनच आले, आम्हाला रांगेत उभं केलं. प्लंबरने बाहेरचं चेंबर उघडलं. लेडीज, जेन्ट्स, दोन्ही पाइप त्यातच येत. बांबूने ओढून तो ढीग घालत गेला. गुटख्याच्या पुड्या, विड्यांची थोटकं, मशीन पुसायचे बोळे, पुन्हा गुटखा. सगळं जेन्ट्सच्या पाइपातलं. आमचा एक धागाही नाही!

हिराबाई रांगेतून पुढे झाली आणि साहेबांपुढे हात केला.

“द्या ते कुलूप. जेन्ट्सच्या दाराला मी लावते.”