मंदाची लेखनिक मी परत पाठवली

हे आजवर कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही — आणि ती आता ऐकायला उरली नाही. पण म्हणून जवळ सरकू नका. तुमची दया मला नको.

आमच्या मंदाची नजर जन्मापासून अधू. माणूस दिसतो, अक्षर दिसत नाही. तरी पोरगी नगरच्या कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला पोचली. शेजारच्या पारूची पोरगी पूजा तिला धडे वाचून दाखवायची. कॉलेजातल्या मॅडम म्हणाल्या, परीक्षेला लेखनिक घ्या. मंदा सांगेल, दुसरी पोर लिहील, वेळही जादा मिळेल. लेखनिक खालच्या वर्गातली लागते. पूजा बारावीला होती — आनंदानं तयार झाली.

मला मात्र ते नको होतं. का? मंदाला शेवगावचं स्थळ आलेलं. चष्मा लागतो, एवढंच मी त्यांना बोललो होतो. आणि मुलाचा मामा त्याच कॉलेजात शिपाई! परीक्षेत पाणी द्यायला तो वर्गावर्गातून फिरणार. आपली होणारी सून बोलतेय आणि लिहितेय दुसरीच, हे त्याला दिसणार. मग?

पेपरच्या सकाळी मायलेकी पहिल्या एसटीनं पुढं गेल्या. पूजाला मी गाडीवर आणायचं ठरलं होतं. ती दारात तयार उभी. मी म्हणालो, "मंदाला ताप आलाय. पेपर देत न्हाई ती."

"मग बघून येते की तिला, काका."

"झोपलीय. जा म्हनलं ना घरात!"

गेली बिचारी. मी एकटाच कॉलेजवर गेलो, म्हणालो — पूजा घरात सापडली नाही. मॅडमनी दुसरी पोर शोधून बघितली, पण ऐनवेळी कोण मिळणार? मंदा आत एकटी. ही, मंदाची आई, माझ्या शेजारी बसून फाटकाकडे बघत राहिली. तीन तास. मी पण बघत होतो — काय बघत होतो मी?

संध्याकाळी पारू पूजाला घेऊन जाब विचारायला आली. पूजानं खरं तेच घरी सांगितलेलं. मी भर ओट्यावर ओरडलो, "तुझी पोरगी खोटारडी हाय!" पूजा माझ्याकडे बघतच राहिली. हिनं माझं ऐकलं. नवऱ्याचं नाही ऐकायचं तर कुणाचं?

मंदा पुढच्या पेपरांना गेलीच नाही. कॉलेज सुटलं. स्थळही मोडलं — नजर काय झाकून राहते?

हिनं पारूशी बोलणं टाकलं, ते मरेपर्यंत. शेवटी अंथरुणाला खिळली तेव्हा पारू पेज घेऊन आली. हिनं भिंतीकडं तोंड फिरवलं. तेव्हा तरी मी बोलायचं की नाही? मी वाटी उचलली आणि पारूच्या हातात परत दिली.

मंदा अजून मधूनच म्हणते, "आप्पा, पूजा तशी नव्हती हो."

मी उठून गोठ्याकडं जातो.

तुम्हाला सांगितलं. तिला सांगितलेलं नाही.