आष्टीचं स्थळ

आता तुम्ही म्हणाल, कथा सुचत नाही म्हणून कुणी एवढं घाबरतं का? मी घाबरतो. दिवाळी अंकाच्या संपादकांना शब्द देऊन बसलो होतो आणि डोक्यात होता फक्त शेवट: जावई सासऱ्याला विहिरीत ढकलतो. कुठल्या गावात, कुठल्या विहिरीत, काही दिसेना.

जुन्या जालन्यात सलीमभाईंचं कापडाचं दुकान आहे. खेड्यापाड्यातले लोक लग्नाचा बस्ता तिथेच बांधतात. मी शर्टाचं कापड घ्यायला गेलो, तर माझं तोंड बघून ते म्हणाले, "मास्तर, परेशान दिसून राह्यले?"

"एक चांगलं स्थळ मिळेना हो. जीव टांगणीला लागलाय."

'कथेसाठी' हा शब्द तेवढा राहिला. आणि माझी बायको साड्या संभाजीनगरला घेते, त्यामुळे ती आहे हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

सलीमभाई एकदम हळवे झाले. "मंग इतके दिवस बोलले का न्हाई? कसं पाहिजे?"

"साधं. खेड्यातलं. शेत असावं. विहीर तर पाहिजेच."

"आष्टीचं हाय ना, किसनराव, आपलं गिऱ्हाईक. बिलकुल शरीफ लोक. विहिरीला पाणी बी हाय. मी फोन करतो, तुम्ही रविवारी जा."

गेलो. किसनराव नवा फेटा बांधून दारात उभे. अंगण सारवलेलं, आत पोह्यांचा वास. मला वाटलं, आष्टीत साहित्याला काय मान आहे बघा.

"आधी विहीर बघू," मी म्हणालो.

ते जरा गोंधळले, पण घेऊन गेले. मी काठावर वाकलो. "पडलेला माणूस वर येतो का हो?"

"कोन पडलं?"

"अजून कुणी नाही. आणि इथून ओरडलं तर घरी ऐकू जातं?"

किसनराव काठापासून मागे सरकले. नेमका तेव्हाच संपादकांचा फोन. रेंज नाही, म्हणून मी ओरडून सांगितलं, "हो, जागा पसंत पडली. सासऱ्याला इथंच ढकलतो."

फोन ठेवून वळलो, तर किसनराव लिंबाच्या झाडामागे.

"मास्तर," आवाज पार बारीक झालेला, "घरी चला. समदे वाट बघून राह्यले."

घरात मला मधल्या खुर्चीवर बसवलं. समोर बायाबापड्यांची रांग. आतून एक मुलगी साडी सावरत पोहे घेऊन आली, आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. तोंड उघडणार, तोच एक आत्याबाई म्हणाल्या, "वयावरून दुसरेपणाचं दिसतंय. पहिली कशानं गेली?"

"गेली नाही. घरी आहे."

किसनरावांनी कोपऱ्यातल्या काठीकडे बघितलं. मी एका दमात सगळं ओकलो: कथा, विहीर, संपादक. कुणाचाच विश्वास बसेना. शेवटी ती मुलगीच पदर तोंडाला लावून हसायला लागली. "आबा, गोष्टीतलं स्थळ म्हणतेत ते. आमाला शाळेत होतं." मला फार लाज वाटली. भर उन्हाळ्यात बिचारीने माझ्यापायी जरीची साडी नेसली होती.

किसनराव मला बसपर्यंत सोडायला आले, पण रस्त्याच्या पलीकडच्या कडेने.

घरी येऊन विहीर, जावई, सगळं फेकून दिलं आणि घडलं तसंच लिहून पाठवलं. संपादकांचं उत्तर आलं: "कथा आवडली. फक्त असल्या माणसाला कुणी मुलगी दाखवायला बोलावेल, हे पटत नाही. नायक बदला."

मी ते बायकोला वाचून दाखवलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "नायक बदलता येतो होय? मला कुणी सांगितलंच न्हाई."