चिमट्यातून सुटलेलं

घड्याळं खोलून बसणाऱ्यांकडे पार्ट कमी आणि किस्से जास्त उरतात. स्क्रू हरवला की हरवला. तो कसा हरवला, हे मात्र चारचौघांत सांगायला कायमचं जवळ राहतं.

आम्ही चौघं दर रविवारी सकाळी नल्लकुंट्यात वसंतकाकांच्या हॉलमध्ये जमतो. सगळा हौसेचा मामला! काका सरकारी नोकरीतून रिटायर, रफीकभाई सिकंदराबादच्या रेल्वेतून, मी शाळेतून. शिरीष पुण्याचा, सॉफ्टवेअरवाला. रिटायर व्हायला अवकाश आहे, पण चष्मा आमच्यापेक्षा जाड.

*

शिरीषचा पहिलाच रविवार. चिमट्यातून स्प्रिंग उडाली, तांदळाच्या कणीएवढी. सतरंजी झटकली, सोफा सरकवला, आम्ही घामाघूम! रफीकभाई तेवढे निवांत चहा पीत बसलेले. शेवटचा घोट घेतला, दाताखाली काहीतरी कचकन लागलं, तसं तोंड वाकडं करून आत काकूंना म्हणाले,

"भाभी, आज इलायची बहुत कड़क डाले!"

*

शोधण्यात काकूंचा हात धरणारं कुणी नव्हतं. खिडक्या लावायच्या, लाइट बंद करायच्या आणि टॉर्च फरशीवर आडवा ठेवायच्या. एवढ्याशा स्क्रूची बोटभर सावली पडायची.

"वस्तू काय शोधता? सावली शोधा!"

*

शिरीषचे वडील गेले. पुण्याहून परतला तो त्यांचं घड्याळ घेऊन. "ह्यातलं काही हरवून चालणार नाही," एवढंच म्हणाला. रफीकभाईंनी त्याला मोठी पारदर्शक पिशवी दिली. दोन्ही हात आत घालून आतच काम करायचं. उडालं तरी पिशवीतच राहतं.

थोड्या वेळानं तो थांबला. "दिसत नाहीये, काका."

"पिशवीला वाफ धरली का रे?"

"नाही."

चष्म्याखालून धारा लागलेल्या. हात बाहेर काढावेत, तर सगळं सांडणार. रफीकभाई उठले. त्याचा चष्मा उतरवला, आपल्या रुमालानं डोळे पुसले, चष्मा परत चढवला.

"हौ बेटा, अब लगाव."

*

मग काकू गेल्या. दिवसवार झाल्यावर काकांनीच आम्हाला बोलावून घेतलं. काम सुरू झालं आणि त्यांच्या हातून स्क्रू पडला. वर न बघता काकांनी हाक मारली, "अगं, टॉर्च आण गं!"

काका तसेच उठून आत गेले. बराच वेळ आले नाहीत. आले ते टॉर्च घेऊन.

"सेल काढून ठेवलेत हिनं," म्हणाले. "खराब होतात म्हणून."

त्या दिवशी स्क्रू कुणी शोधला नाही.

*

आणि हा किस्सा मलकपेठच्या आपांचा. रफीकभाईंच्या शेजारी राहतात, त्यांना थोरल्या बहिणीसारख्या. नवरा वारला, त्याचं मनगटी घड्याळ बंद पडलेलं, ते घेऊन त्या आल्या. लाइट गेलेली, म्हणून काकांनी टेबल खिडकीशी ओढून मागचं झाकण उघडलं, भिंग लावलं आणि हसले. "काही नाही, चाकात केस अडकलाय."

चिमट्यानं केस काढून त्यांनी कागदावर ठेवला. घड्याळ टिकटिकायला लागलं. केस बारीकसा, मेंदीनं लाल झालेला.

आपा एकदम उभ्या राहिल्या. "उनकी दाढ़ी का है।"

तेवढ्यात गेलेली लाइट आली, पंखा फिरला आणि कागद उडाला!

आम्ही सगळे गुडघ्यांवर. आपासुद्धा बुरखा सावरत फरशी चाचपत होत्या. टेबलावर घड्याळ मजेत चाललेलं. तिकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. शेवटी केस आपांनाच दिसला, शिरीषच्या बाहीवर. त्यांनी तो दोन बोटांत धरला आणि काकांपुढे केला.

"जहाँ था, वहींच रख देव।"

"आपा, घड़ी बंद पड़ जाएगी।"

"हौ। पड़ने देव।"

काकांनी भिंग डोळ्याला लावलं. मग चिमट्यानं केस आत सोडला. टिकटिक थांबली. त्यांनी झाकण बसवलं.

आपांनी घड्याळ मनगटावर बांधलं, पट्टा सैल होता तरी, आणि सलाम करून गेल्या.