टोपी, मफलर, हातमोजे

एटोबिको उपनगरातल्या आमच्या फूड बँकेच्या बेसमेंटमध्ये इंटरनेट नाही. नोंदी हातानं होतात, म्हणून एवढ्या श्रीमंत देशात माणसं अन्नासाठी बर्फात ताटकळतात! इंटरनेटशिवाय चालणारा नोंदींचा प्रोग्राम कशात लिहायचा, ते मदतीला आलेल्या एका प्रोग्रामर काकांना विचारलं.

पर्याय समजावायला काकांनी अंगावरचं एकेक काढून टेबलावर मांडलं.

"टोपी म्हणजे अ‍ॅक्सेस, झटपट होतं. मफलर डेल्फी, टिकाऊ. हातमोजे पायथन, फुकट."

"फुकटच हवं! कंपन्यांची गुलामी कशाला?" खिशाला मोर्चाचा बिल्ला लावलेला मी उसळलो.

"बरं. पण तू मोर्चाला गेलास की बिघडलेलं दुरुस्त कोण करणार?"

काकांनी सगळं पुन्हा अंगावर चढवलं आणि निघाले.

बाहेर रांग तशीच होती आणि मला आठवेना, मफलर म्हणजे नक्की काय होतं.