भाऊंचा न धुतलेला खाकी शर्ट

माझ्या वडिलांना ब्रेकने मारलं.

ब्रेक फेल झाला नव्हता. आयुष्यभर ब्रेक नीट बसवत राहिले, म्हणून गेले.

आज भाऊंना जाऊन वर्ष झालं.

लोणावळ्याला, घाट सुरू होण्याआधी हायवेला एक गॅरेज होतं. भाऊ तिथे मिस्त्री. आमच्या टाकवे गावाहून रोज जायचे. घाट उतरण्याआधी ट्रकवाले त्यांना ब्रेक दाखवायचे. भाऊ चाकाचा ड्रम उघडायचे, हवेचा पाइप मारून आतली धूळ उडवायचे, नवा लायनर कानशीने घासून बसवायचे.

तोंडाला काही नाही. रुमाल असायचा, पण तो घाम पुसायला.

अभिमान मात्र केवढा! "माज्या हातचा ब्रेक हाय. गाडी खाली सुखरूप उतरनारच."

संध्याकाळी घरी यायचे ते पावडर फासल्यासारखे. केस, भुवया, सगळं राखाडी.

आईचा नियम होता, खाकी कपडे झटकल्याशिवाय भिजवायचे नाहीत. नाहीतर बादलीभर पाणी काळं व्हायचं. झटकायचं काम माझं. दारात उभी राहून शर्ट असा फटकारायचे की धुळीचा ढग उठायचा. उन्हात चमकायचा.

मला मज्जा वाटायची हो.

रिटायर झाल्यावर कितीतरी वर्षांनी भाऊंना धाप लागायला लागली. आम्ही म्हटलं, वय झालं. मग छातीत पाणी. मग फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर.

"सिगारेट ओढायचे का?" डॉक्टरांनी विचारलं.

"तंबाखूसुद्धा नाही."

"काम काय करायचे?"

सांगितलं. डॉक्टर लिहायचे थांबले.

म्हणाले, जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. तापलं तरी जळत नाही म्हणून घालायचे. आपल्या सिमेंटच्या पत्र्यांतही तेच. त्याचे बारीक तंतू छातीत गेले की बसून राहतात, आजार कित्येक वर्षांनी उठतो. पुष्कळ देशांनी कधीच बंद केलंय.

गॅरेजमध्ये भाऊंना कुणी एका शब्दाने सांगितलं नव्हतं. याचा राग अजून जात नाही माझा.

मग डॉक्टरांनी विचारलं, "घरी कपडे कोण धुवायचं?"

"मी," आई म्हणाली. ती धूळ कपड्यांवरून घरच्यांच्याही छातीत जाते, म्हणाले.

तेव्हापासून घरात कुणी खोकलं की मी दिवस मोजायला लागते. आणि गेला महिनाभर आई खोकतेय. "हवा बदाललीया," म्हणते. स्कॅनचं नाव काढलं की उठून आत जाते.

आज सकाळी वर्षश्राद्धाच्या गडबडीत तिने पेटीतून भाऊंचा खाकी शर्ट काढला. कामाच्या शेवटच्या दिवशीचा. इतकी वर्षं जपून ठेवलेला, मला पत्ताच नाही. फोटोजवळ ठेवायचा म्हणून तिने तो झटकला.

मी ओरडले. घरात पाहुणे होते, तरी ओरडले.

"आई, टाक तो खाली! धुतला का नाहीस?"

"आगं, धुतला आस्ता तर त्यांचा वास गेला आस्ता."

मी शर्टावर पाणी शिंपडलं, ओला केला, दोन पिशव्यांत घट्ट बांधला. आई रडली. मीही रडले.

जेवणं उरकल्यावर आई स्वतःहून जवळ येऊन बसली.

"करू तू म्हन्तीस ते स्कॅन. पर आदी तुजं काडायचं, सुमे. झटकायचीस तर तूच."

डॉक्टरांनी कपड्यांचं विचारलं, तेव्हापासून हे तिच्या मनात होतं.

सोमवारी दोघी जातोय.

तुमच्या घरी असे कामाचे जुने कपडे असतील तर कृपा करून झटकू नका.

भाऊ, नमस्कार करते. एवढ्या गाड्या घाटाखाली सुखरूप उतरवल्यात. आता तेवढं आम्हा दोघींचं बघा.